मोठ्या भिंगाचा मान

३ फेब्रुवारी

आज आमच्या घरी देव येऊन गेला. दाराबाहेर बूट काढून आला. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

देव म्हणजे मामा. हिंदी सिनेमाचे दिग्दर्शक. पण सेटवर दिवे धरणाऱ्यापासून ते बाल्कनीत बसणाऱ्या प्रेक्षकापर्यंत सगळी दुनिया त्यांना मामाच म्हणते. त्यांच्या सिनेमात खून पडत नाहीत. पडलंच तर दुधाचं पातेलं पडतं. दोन भावांत मिळून एकच चांगला कोट असतो आणि दोघांना एकाच दिवशी मुलगी बघायला जायचं असतं, एवढ्यावर हा माणूस अडीच तास हसवतो आणि शेवटी कधी रडवलं ते कळत नाही. मी तो सिनेमा इतक्यांदा पाहिलाय की तिकीट फाडणारा मला नमस्कार करायचा.

त्यांना नव्या सिनेमासाठी घर हवं आहे. निवृत्त नवराबायको, क्षुल्लक कारणावरून अबोला धरतात, अशी गोष्ट. मी दिवाणखाना दाखवला, नवे पडदे दाखवले, खात्याच्या नाटकात मिळालेला चांदीचा पेला सहज दिसेल असा मध्ये ठेवला होता तोही दाखवला. (टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. दुसऱ्यांची बोलणी जोडून देता देता स्वतःचा आवाज कमावला.) मामा सगळ्याला "छान, छान" म्हणाले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले.

आमची ही भाजी निवडत होती. "त्या स्टुलावर बसू नका, ते डुगडुगतं," म्हणाली. मामा बसलेच. थोडे डुगडुगले आणि म्हणाले, "वहिनी, फार चांगलं डुगडुगतं. हेच घर."

मला आकाश ठेंगणं झालंय. झोप येणं शक्य नाही.

६ फेब्रुवारी

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी माणसं आली आहेत. वायरी, दिवे, पेट्या, शिड्या. पलंगावर नायक आडवे, आरशासमोर नायिका. जुन्या काळच्या मोठ्या नायिका बरं का. सगळे त्यांना बाई म्हणतात. न्हाणीघरात कोणाचे तरी सदरे वाळताहेत.

आवाजाचा माणूस येतो तो पहिल्यांदा आमचा फ्रीज बंद करतो. त्याची घरघर ध्वनिफितीवर येते म्हणे. दिवसभर फ्रीज बंद, त्यामुळे दूध दोनदा तापवावं लागतं. हिने त्याला बजावलंय, "दूध नासलं तर तुमच्या चहात घालीन."

मामा "ॲक्शन" असं ओरडत नाहीत. स्टुलावर बसतात आणि "चला, बघू या" एवढंच म्हणतात, तेही शेजारच्याला झोपेतून उठवू नये अशा आवाजात. आणि रिळाची कंजुषी तर विचारू नका. फिल्म परदेशातून येते, एक फूट वाया गेलं तरी त्यांचा चेहरा पडतो. नायकांचा एकच शॉट तीनदा घ्यावा लागला तेव्हा मामांनी कपाळाला हात लावला.

९ फेब्रुवारी

मिळाली! मला भूमिका मिळाली!

झालं असं की मी मामांना सहज म्हटलं, मीही थोडंफार काम करत असे. (गेले तीन दिवस सहज म्हणतोय.) आज त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. शेजारी व्हाल?"

सिनेमातल्या नवराबायकोचा अबोला ऐन भरात असतो. शेजारी काहीतरी मागायला येतो. घरात सुतक असल्यासारखं वातावरण बघून दारातच थबकतो आणि विचारतो, "आत येऊ का? की नंतर येऊ?" बस. एक वाक्य. पण केवढं वाक्य! त्यात सगळं आलं. शंका आली, संकोच आला, मानवी जीवनातली मूलभूत अनिश्चितता आली.

हिला हे समजावून सांगत होतो तर ही म्हणाली, "त्यात कपभर साखर मागायला आलेला माणूस आहे ना?"

मुलीला फोन केला. "बाबा, खरंच?" असं किंचाळली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता मामा मला नुसतं "शेजारी" म्हणून हाक मारतात. "अहो शेजारी, जरा सरका, सावली पडतेय." किती आपलेपणा!

१० फेब्रुवारी

सराव. आरशासमोर, गच्चीवर, अंघोळ करताना. "आत येऊ का" वर एक पाऊल पुढे, "की नंतर" वर हात छातीशी, "येऊ" वर भुवई.

समोरच्या म्हातारीने गच्चीवरून विचारलं, "कोणाला बोलावताय?"

११ फेब्रुवारी

झाला. पहिला शॉट झाला. आणि काय झाला!

दारात उभा राहिलो. मामा म्हणाले, "चला, बघू या." मी असं काही वाक्य टाकलं की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. भुंकू दे. खात्याच्या नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जायचं, हे तर आठ फुटांवर बसलेत.

मामा हळूच म्हणाले, "वा. शेजारी, तुमचा हा शॉट आपण मोठ्या भिंगाने घेऊ."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कॅमेरामनचा मदतनीस, एक जाडजूड, पोक्त गृहस्थ, पुढे आला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर तो काळा गोल डबा असतो ना, तो त्याने अलगद काढला आणि काखेत मारून बाहेर घेऊन गेला. मोठं भिंग लागलं की त्या डब्याची गरज पडत नसावी. नायक म्हणाले, "अरे वा, मोठं भिंग! मग मी जरा पडतो." मान राखून बाजूला झाले, हे मी लक्षात ठेवीन.

तीनदा केलं, तिन्ही वेळा वेगळं. मामांनी एकदाही अडवलं नाही. रिळाचा एवढा चिक्कू माणूस, माझ्यासाठी हात आखडता घेतला नाही!

नायकांना मोठं भिंग नाही. बाईंना नाही. मला.

१४ फेब्रुवारी

पुन्हा मोठं भिंग. मामा म्हणतात, अजून खुलवू. यावेळी दाराची चौकट धरून किंचित कोसळल्यासारखं केलं. हिला एकदम खोकल्याची उबळ आली आणि ती तोंड दाबून मोरीकडे पळाली. हवा बदललीय. काढा घे म्हटलं.

संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "अहो, जरा साधं बोलून बघा ना. आपण बोलतो तसं."

"अगं, आपण बोलतो तसं बोलायला नट कशाला लागतो?"

"मला आपलं वाटलं." एवढं बोलून तिने माझ्या कपात साखर घातली आणि ढवळतच राहिली. तिला या क्षेत्रातलं कळत नाही, पण मन चांगलं आहे.

मी एवढंच म्हटलं की दारातली फरशी वर-खाली आहे, पाऊल नीट पडत नाही. तर म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि लगेच मला शेंगदाणे आणून दिले. बायकांचं काही समजत नाही.

१७ फेब्रुवारी

मामा दुपारची सगळी सुट्टी स्वयंपाकघरात काढतात. चहात बिस्किट बुडवतात, ते गळून पडतं, मग चमच्याने शोधतात. मी मधल्या खोलीत सराव करत होतो, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं.

वडिलांचं शिवणाचं दुकान होतं म्हणे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की कसं एकदम दुसरंच माणूस होतं, पोट आत, हनुवटी वर, ते बघत मामा मोठे झाले. "माझे वडील म्हणायचे, आरशापुढचं माप घेऊ नये. तो वळून दाराकडे निघाला की घ्यावं." हे ते हिला का सांगत होते कळलं नाही.

मग बायकोबद्दल बोलले. गेल्या त्या. त्यांच्या प्रत्येक सिनेमातली बायको नवऱ्याचा चष्मा भलत्याच ठिकाणी शोधून काढते. एकदा तांदळाच्या डब्यात, एकदा पिंजऱ्यात. मला वाटायचं विनोद आहे. ते म्हणाले, "विनोद कसला, आमच्याकडे रोज हेच." नंतर नुसती कपातल्या चमच्याची किणकिण ऐकू आली.

मामांनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही रागावता तेव्हा काय करता?"

"काही नाही. स्वयंपाक करते. पण हाक मारत नाही."

"आणि ते?"

"ते दारात येऊन उभे राहतात."

मी दारात उभा असल्याचं मला आठवत नाही. पण ही काहीही सांगते.

२० फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

एक्स्चेंजमधले दोन जुने सहकारी शूटिंग बघायला आले होते. मीच बोलावलं होतं. त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं: माझा शॉट, मोठं भिंग, नायकांनाही नाही वगैरे. दोघंही इस्त्रीचे कपडे घालून आले.

तो जाडजूड मदतनीस आजारी. त्याच्या जागी नवा माणूस. मी आपला ऐटीत म्हटलं, "जरा ते मोठं भिंग दाखवा हो आमच्या मित्रांना."

तो म्हणाला, "कुठलं भिंग?"

"मोठं. माझ्या शॉटला लावतात ते."

तो मनापासून हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अहो साहेब, मोठं भिंग म्हणजे कॅमेरा रिकामा! डब्यात फिल्म असते ना, तो डबाच काढून ठेवायचा. नवखा माणूस फार जोरात काम करायला लागला की मामा तसं सांगतात. त्याची हौस फिटते, फिल्म वाचते."

माझे मित्र छताकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "पंखा चांगला आहे." दुसरा म्हणाला, "हो, फिरतो छान." पंखा बंद होता.

सगळे गेल्यावर मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? तुम्ही दाढी करताना शीळ घालत होता. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा."

मी म्हणालो, तू माझं जगात हसं होऊ दिलंस. सगळ्यांच्या बरोबरीने हसलीस. तो खोकला नव्हता. ती म्हणाली, "नव्हता. पण तुम्हाला हसत नव्हते मी, तुमच्या कोसळण्याला हसत होते." मी म्हणालो, ते एकच. आणि आणखीही काहीबाही म्हणालो. मग तिने पानं वाढली आणि हाक मारली नाही.

२२ फेब्रुवारी

अबोला. घरातला खराखुरा. दिवाणखान्यात बाई आणि नायक न बोलण्याचं काम करताहेत, आणि आतल्या खोलीत आम्ही ते फुकट करतोय.

मुलीचा फोन आला. "बाबा, कधी बघायला मिळणार तुम्हाला?" मी म्हटलं, लाइन खराब आहे. जन्मभर एक्स्चेंजमध्ये काढून असं खोटं कधी बोललो नव्हतो.

दुपारी मामा खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. मी भिंतीकडे तोंड केलं.

"शेजारी, मोठं भिंग पहिल्यांदा कोणासाठी काढलं होतं माहीत आहे?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"माझ्यासाठी. मी नट व्हायला आलो होतो. नायकाचा मित्र म्हणून तीन सिनेमांत काम केलं. मरण्याचा प्रसंग होता एकात. असा मेलो, असा मेलो, की पडदा फाटेल वाटलं. गावाकडून वडिलांना सिनेमा बघायला बोलावलं. नायक आला, नायिका आली, नायकाचा कुत्राही आला. मी नाही. वडील म्हणाले, तू कुठल्या दारातून आत गेलास रे?"

मला हसायचं नव्हतं. पण उशी हलली.

"मग काय केलंत?"

"रडलो. आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉली ढकलायला गेलो. दुसरीकडे जाणार कुठे? मला तेच घर आवडलं होतं." मग म्हणाले, "पण तुमच्याशी तसं वागायला नको होतं. सवय लागली आहे. फिल्म वाचवता वाचवता माणसाचं काय होतं ते बघायचं राहून जातं. माफ करा."

एवढा मोठा माणूस, आमच्या पलंगावर बसून माफी मागतोय, आणि पायात तोच भोकाचा मोजा. राग कसा धरणार?

"परवा शूटिंग संपतंय," ते म्हणाले. "शेजारी राहिलाय."

मी म्हणालो, "कापा शेजाऱ्याला. मला नाही जमत."

वाटलं, ते आग्रह करतील. निदान एकदा. ते म्हणाले, "बरं." आणि उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ हिच्याशी कुजबुजत होते. निरोपाचं बोलत असतील.

२४ फेब्रुवारी

संपलं सगळं. माझं काम झालंच नाही, ते इथे एकदाच लिहितो आणि विषय संपवतो.

दुपारी घरात एकाएकी सामसूम झाली. सगळे खाली चहाला गेले असावेत. चार दिवस झाले, हिने हाक मारलेली नाही. मी खोलीत बसून बसून कंटाळलो. हसं झालं ते झालं, पण भाजी कुठली केलीय हेही पानात पडेपर्यंत कळत नाही, याला काय जगणं म्हणायचं? उठलो.

स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी कांद्याची टोपली भलतीच मध्ये आणून ठेवली होती, त्यामुळे मला डावीकडे खिडकीच्या उजेडात थांबावं लागलं. दिवेही विझवायला विसरले होते. विजेची काय ही नासाडी. कॅमेरा आणि माइक तसेच आत टाकून गेलेले, कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे. डोक्यावर तो काळा डबा होता, म्हणजे माझ्यासाठी नक्कीच नव्हता. मामा कॅमेऱ्याला खेटून स्टुलावर डोळे मिटून बसले होते, डुलकी लागली असावी. फ्रीज मात्र चालू राहिला होता, बारीक घरघर येत होती. आवाजाचा माणूस शेवटच्या दिवशी विसरला.

ही कॅमेऱ्याच्या पलीकडे ओट्यापाशी उभी. माझ्याकडे बघत होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

काय बोलावं ते ठरवून आलो होतो, पण ते सगळं विसरलो. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. मला एवढंच सुचलं, विचारलं, आत येऊ का, की नंतर येऊ.

ती म्हणाली, "या ना. तुम्हाला कोणी अडवलंय?"

आणि तिचे डोळे भरून आले. टोपलीभर कांदे घरात, दुसरं काय होणार.

तेवढ्यात मामा जागे झाले. उठले, माझ्याजवळ आले, माझा दंड घट्ट दाबला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "झालं! आवरा!" त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. खालून धडाधड सगळी मंडळी वर आली. वायरी गुंडाळल्या. जाताना बाईंनी हिला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून उगाचच हसल्या.

कॅमेरा गेल्यावर ओटा केवढा मोठा वाटतोय. चहा फार चांगला झाला होता. उरलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवायला गेलो तर तो बंदच होता. म्हणजे घरघर कशाची होती कोण जाणे. कानही म्हातारे झाले.

१० सप्टेंबर

आज पहिला खेळ. मामांनी दोन पास पाठवले. घर आमचं, तेव्हा बोलावणं रास्तच होतं. मुलगी स्वतःच्या पैशाने येऊन मागच्या रांगेत बसली. तिला मी स्पष्ट सांगितलं होतं की माझं काम नाही, पडदे बघ, पडदे आपले आहेत.

पडदे छान आले आहेत. लोक हसत होते, आमच्या स्टुलालाही हसले. माझं हिला कोपराने ढोसून "तो बघ आपला डबा," "ती बघ आपली खुंटी," असं चाललं होतं, पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळला.

मग तो प्रसंग आला. बाई ओट्यापाशी एकट्या. दारात पावलं वाजली. बाईंनी मान वर केली आणि दारात मी उभा होतो.

मी. कांद्याच्या टोपलीच्या डावीकडे. बनियनवर.

भुवई नाही, छातीशी हात नाही, पाऊल पुढे नाही. हात कुठे ठेवावेत हे न कळलेला एक पिकल्या केसांचा माणूस, आणि तो समोर असा बघतोय, की आत घेतलं नाही तर त्याला दुसरं घरच नाही. तो विचारतो, "आत येऊ का? की नंतर येऊ?" आधी कोणीतरी हसलं. मग सगळं थिएटर गप्प झालं. आणि बाई दिसत नसताना, पडद्याबाहेरून आवाज आला, "या ना. तुम्हाला कोणी अडवलंय?" तो बाईंचा आवाज नव्हता. मामांनी हिचाच ठेवला होता. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघता बघता सिनेमातल्या बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या आणि आतल्या खोलीत नवऱ्याला जेवायला हाक मारायला गेल्या.

मागच्या रांगेतून मुलगी "बाबा!" म्हणून ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा पुढे कुठेतरी बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. हिला सगळं ठाऊक होतं, कांद्याची टोपलीसुद्धा हिनेच ठेवली होती, हे माझ्या आत्ता, सिनेमाच्या अंधारात लक्षात आलं. सहा महिने हिच्या पोटात हे राहिलं!

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. खरं सांगतो, घरातल्या त्या चांदीच्या पेल्यासकट सगळं कोणालातरी देऊन टाकावंसं वाटत होतं. पण त्याहून जास्त वेगळंच वाटत होतं. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आरशात तो येतच नाही. इतक्या वर्षांत तो फक्त एकाच माणसाने पाहिला असणार, आणि ते माणूस माझ्या शेजारी बसून नाक पुसत होतं.

मी तिच्या कानाशी लागून विचारलं, "तुझ्याकडे बघताना मी असा दिसतो?"

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "रोज नाही."

उद्या पुन्हा जाणार आहोत. तिकीट काढून.